अन्न नेमकं कुठे पचतं? पोटात की आतड्यात?

बहुतेकांना वाटतं की अन्न जठरात पचतं आणि आतडी फक्त ते पुढे ढकलतात. खरं तर पचनाचं मोठं काम लहान आतड्यातच होतं.

सुरुवात मात्र तोंडात होते. भाताचा घास न गिळता मिनिटभर चावत राहा, तो हळूहळू गोड लागायला लागतो. लाळेतलं विकर (एन्झाइम) स्टार्चची साखर करतं, ती ही गोडी. म्हणून नीट चावून खा असं मी अगदी मनापासून सांगेन.

पुढे अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत घास खाली सरकवतात. जठरात तीव्र आम्ल असतं. तिथे प्रथिनं तुटायला लागतात, बरेच जंतू मरतात आणि दोन ते चार तासांत अन्नाची पातळ लापशी होते. जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा थर असतो, म्हणून ते स्वतःच पचून जात नाही!

ही लापशी थोडी थोडी करून लहान आतड्यात उतरते. यकृतात तयार झालेलं पित्त तिथे चरबीचे बारीक थेंब करतं, तर स्वादुपिंडाचा रस स्टार्च, प्रथिनं, चरबी सगळ्यांचंच विघटन करतो. सुमारे ६ मीटर लांबीच्या या नळीला आतून मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. प्रत्येकात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, आणि अन्नातलं सत्त्व रक्तात जातं ते इथूनच.

मोठं आतडं उरलेलं पाणी शोषून घेतं. तिथले जीवाणू अन्नातल्या न पचलेल्या तंतूंवर (फायबरवर) जगतात आणि बाकीचं मल म्हणून बाहेर पडतं.