कारणं लिहायचीच

सप्रेम आशीर्वाद.

निकाल योग्य असला की झालं, कारणं मोघम ठेवली म्हणून काय बिघडतं, असं तू विचारलं आहेस. बिघडतं. त्यासाठी तुला जॉन पीटर आल्टगेल्ड माहीत हवा.

जन्म १८४७चा, जर्मनीतला. तान्हा असतानाच अमेरिकेत आला, ओहायोत शेतावर राबला. पुढे वकील, शिकागोत न्यायाधीश आणि १८९३ साली इलिनॉयचा गव्हर्नर. खुर्चीवर बसला तेव्हा हेमार्केटचं प्रकरण धुमसतच होतं. आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत आंदोलन पेटलं होतं. आपल्या १ मेच्या कामगार दिनाची मुळं तिथलीच. त्या दिवसांत तिथल्या हेमार्केट चौकातल्या एका सभेत, ४ मे १८८६ला, पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झालं नाही, तरी आठ जण दोषी ठरले. चौघे फासावर गेले, एकाने कोठडीत जीव दिला. फील्डन, श्वाब आणि नीबी हे तिघे तुरुंगात उरले.

त्यांना सोडा, असं शहरातली बडी मंडळीही म्हणत होती. शिक्षा भोगून झाली, आता दया करा, एवढंच त्यांचं मागणं. दोन ओळींचा हुकूम काढला असता तर कौतुकच झालं असतं.

आल्टगेल्डने खटल्याचे कागद मुळापासून वाचले. २६ जून १८९३ला तिघांना बिनशर्त माफी दिली आणि कारणं सविस्तर लिहिली. ज्युरीची नावं पेटीतून काढायची रीत सोडून बेलिफने, म्हणजे कोर्टाच्या अंमलदाराने, माणसं निवडून आणली होती. आपलं मन कलुषित आहे असं कबूल करणारेही ज्युरीत बसवले गेले. न्यायाधीश पक्षपाती होते. पुरावा आरोपींना बॉम्ब टाकणाऱ्याशी जोडतच नव्हता.

यावर वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. सुटकेपेक्षा कारणंच जास्त झोंबली. पुढच्या वर्षी पुलमनच्या रेल्वे कामगार संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने लष्कर धाडलं, तेव्हाही याने लेखी हरकत घेतली. १८९६ची निवडणूक तो हरला. त्याला इतरही कारणं होती, पण या माफीनाम्याचा राग लोक विसरले नव्हते.

नुसती दया दाखवली असती तर ते तिघे गुन्हेगारच राहिले असते आणि तो खटला निर्दोष ठरला असता. पुढच्या आरोपीसाठी ज्युरी तशीच भरायला कोणाला अडचण आली नसती. म्हणून माझा आग्रह आहे.

मसुदा पाठव. कारणांची पानं मी आधी वाचेन.