जेलच्या दारात हारतुरे का?

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला, सावनेरचे माजी आमदार सुनील केदार यांच्या सुटकेचा व्हिडिओ पाहिला. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर गर्दी, घोषणा, गाड्यांची रांग. खाली तुझा प्रश्न : "आई, हा माणूस दोषी ठरलाय ना? मग आपले लोक त्याची मिरवणूक का काढतात? आणि आजोबा अजून त्याला 'सुनीलबाबू' का म्हणतात?" फोनवर याचं उत्तर देता येणार नाही, म्हणून लिहिते. थोडं लांबेल, कारण सुरुवात जेलपासून होत नाही, बँकेपासून होते.

सावनेर हा नागपूर जिल्ह्यातला कापूस-संत्र्याचा तालुका. इथल्या शेतकऱ्याला पेरणीआधी, मे-जूनमध्ये, बियाणं आणि खतासाठी पैसे लागतात. ते पीककर्ज त्याला मिळतं गावच्या 'सोसायटी'तून. कागदावर तिचं नाव विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. सोसायटीला पैसा देते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, आणि तिच्या डोक्यावर मुंबईची राज्य बँक, जिला सगळे शिखर बँक म्हणतात. आता मेख बघ. जिल्हा बँकेचे संचालक शेतकरी थेट निवडत नाहीत. प्रत्येक सोसायटी एक 'ठराव' करते आणि आपला एक माणूस मतदार म्हणून पाठवते. म्हणजे कर्जदार लाखभर असले तरी मतदार काही शेकडाच. ज्याच्याकडे ठराव जास्त, तो अध्यक्ष. गावागावातल्या या ठराववाल्यांना सांभाळायचं म्हणजे त्यांच्या घरच्या लग्नाला जायचं, दवाखान्यात फोन करायचा, अडलेलं कर्जप्रकरण पुढे सरकवायचं. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

सुनील केदारांच्या घरात हे राजकारण आधीपासून होतं. वडील बाबासाहेब केदार हे सहकारातलं मोठं नाव. मुलगा १९९५ मध्ये सावनेरमधून अपक्ष आमदार झाला, १९९९ मध्ये विधानसभा हरला, पण त्याच सुमारास नागपूर जिल्हा बँकेचा अध्यक्ष झाला. ज्या घोटाळ्यात ते दोषी ठरले तो त्या कारकिर्दीतला.

बँकेकडे ठेवी असतात आणि त्यातला काही भाग सुरक्षित जागी ठेवावा लागतो. सर्वांत सुरक्षित म्हणजे सरकारी रोखे : सरकारला दिलेलं कर्ज, ठरलेलं व्याज, बुडण्याची भीती जवळजवळ नाही. त्यामुळे "रोखे घेतले" हा गुन्हा नव्हता, ते कसे घेतले तो होता. शिस्तीची पद्धत अशी : संचालक मंडळ मर्यादा ठरवतं, भाव दोन-तीन ठिकाणी तपासला जातो, दलाल फक्त विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देतो. पैसे विकणाऱ्याला जातात, दलालाला फक्त दलाली. आणि एका हाताने पैसे दिले की दुसऱ्या हाताने रोखे बँकेच्या नावावरच्या खात्यात यायला हवेत. खात्यात आले की नाही हे त्याच दिवशी बघायचं, आणि नंतर दर महिन्याला पुन्हा.

नागपुरात नेमका हाच दुसरा हात रिकामा राहिला. २००१-०२ मध्ये बँकेचे सुमारे १२५ कोटी रुपये होम ट्रेड आणि आणखी काही खासगी दलाल कंपन्यांकडे गेले. बदल्यात रोखे आलेच नाहीत. होम ट्रेडच्या जाहिरातीत सचिन, शाहरुख आणि हृतिक होते, ऑफिस नव्या मुंबईत झकपक होतं. २००२ मध्ये कंपनी कोसळली आणि वर्धा, उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचेही पैसे त्यात गेल्याचं बाहेर आलं. अशा व्यवहारात दलाल 'अमुक रोखे तुमच्यासाठी घेतले' अशी चिठ्ठी पाठवतो, बँकेच्या वहीत ती गुंतवणूक म्हणून चढते आणि ताळेबंद छान दिसत राहतो. चिठ्ठी म्हणजे रोखा नव्हे, हे ऑडिटरला पहिल्या दिवशी कळायला हवं. खात्याचा उतारा मागितला की पाच मिनिटांत उघडं पडतं. मला विचारशील तर या प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच आहे की चोरी हुशारीची नव्हती.

१२५ कोटी म्हणजे किती ते असं बघ : एका शेतकऱ्याला ५० हजारांचं पीककर्ज धरलं तर २५ हजार शेतकऱ्यांचा एक हंगाम. व्याज धरून आकडा १५० कोटींच्या पुढे गेला. बँक इतकी खचली की पुढे तिला रिझर्व्ह बँकेचा परवानाच मिळेना. २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांना वाचवायची योजना केली, त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या : नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. मधल्या काळात ठेवीदार स्वतःचेच पैसे मागायला खेटे घालत होते. हेही तुझ्या व्हिडिओत नाही.

गुन्हा २००२ मध्ये नोंदला गेला. निकाल २२ डिसेंबर २०२३ ला लागला. मधली २१ वर्षं केदार काय करत होते? २००४, २००९, २०१४, २०१९ या चारही निवडणुका सावनेरमधून जिंकत होते, शेवटी पशुसंवर्धन, दुग्धविकास आणि क्रीडामंत्रीही झाले. यात बेकायदा काही नव्हतं. आपल्याकडे आरोपीला निवडणूक लढवता येते, अडतो तो दोषी. न्यायालयाने केदार, बँकेचे तेव्हाचे महाव्यवस्थापक आणि दलाल मिळून सहा जणांना दोषी धरलं, तिघांना सोडलं. केदारांना पाच वर्षांची सक्तमजुरी झाली.

दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पद त्याच दिवसापासून जातं, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं उभं राहता येत नाही. पूर्वी अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लिली थॉमस खटल्यात ती काढून टाकली. म्हणून आमदारकी लगेच गेली.

तू पाहिलेली मिरवणूक जानेवारी २०२४ ची, उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिल्यानंतरची. (तिच्यावरूनही पोलिसांनी गुन्हा नोंदवला.) इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. शिक्षा स्थगित होणं म्हणजे अपील चालू असेपर्यंत बाहेर राहता येणं. दोषी ठरवलं तो ठपका त्याने जात नाही. त्यासाठी 'दोषसिद्धीला स्थगिती' वेगळी मागावी लागते. ती केदारांनी मागितली आणि जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने नाकारली. म्हणून त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते सावनेरमधून उभे राहू शकले नाहीत. जानेवारीतली ती निर्दोष सुटका नव्हती, पण गर्दीत उभं राहून ते कुणाला वेगळं दिसणार?

आता आजोबांचं 'सुनीलबाबू'. विदर्भात 'बाबू', 'भाऊ', 'साहेब' हे चारित्र्याचे दाखले नसतात. ज्याच्या घराशी तीस-चाळीस वर्षांचा संबंध आहे त्याला नुसत्या नावाने हाक मारणं जिभेला जमत नाही, एवढंच. आजोबा 'सुनीलबाबूंनी बँक बुडवली' असंही त्याच वाक्यात म्हणतात, नीट ऐक.

आणि तुझ्या 'आपले लोक'मागे "मराठी लोकच असे" असा सूर आहे, तो मला मान्य नाही. आपण राहतो त्या अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचे चार गव्हर्नर तुरुंगात जाऊन आले आहेत. त्यातला ब्लॅगोयेविच २०२० मध्ये शिक्षा कमी होऊन शिकागोला परतला तेव्हा त्याच्याही घरापुढे गर्दी आणि बॅनर होते. आपल्याकडचं वेगळेपण फलकाच्या मांडणीत आहे. मधोमध हात जोडलेला मोठा चेहरा, आणि खाली ओळीने टपाल तिकिटाएवढे फोटो, 'शुभेच्छुक' म्हणून. वर्गणी बहुतेक त्या तिकिटांची असते. ते न्यायालयाला काही सांगत नसतात. गावात आणि तालुक्यात मी कुणाच्या बाजूला उभा आहे, पुढच्या ठरावाला माझा हात कुणासाठी वर जाईल, हे सांगत असतात.

ही बाजू किती टिकते तेही दिसलं. जून २०२४ मध्ये रामटेकमधून लोकसभेला श्यामकुमार बर्वे निवडून आले, केदार त्यांच्यामागे उभे होते. पाच महिन्यांनी सावनेरमध्ये केदारांच्या पत्नी अनुजा काँग्रेसतर्फे उभ्या राहिल्या आणि भाजपच्या आशिष देशमुखांकडून हरल्या.

डिसेंबरमध्ये गेलीस की सावनेर रोडवरचे फलक बघ. मोठा चेहरा सोडून दे, खालची रांग वाच, आणि त्यातले सोसायटीचे अध्यक्ष कोण कोण ते आजोबांना विचार. त्यांना सगळे नावानिशी माहीत आहेत.

तुझी,
आई