गाल लाल झाले म्हणून वाटी रिकामी?

"बाळ सात महिन्यांचं आहे. दुसऱ्या महिन्यापासून एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी, लाल, खाजरी. मलम लावूनही गाल आणि कोपरांच्या घड्या लालच. गेल्या महिन्यात गाजर-टोमॅटो कुस्करून भरवलं, तर लगेच तोंडाभोवती लाल झालं. तेव्हापासून वरचं सगळं बंद. सासूबाई म्हणतात, अंडं-शेंगदाणा तर इतक्यात नकोच. अंगावरच्या दुधातून जात असेल म्हणून मीही दूध-अंडी सोडलीत. स्टेरॉइडचं मलम दिलंय, पण भीतीने अगदी थोडंच लावते."
– एक गोंधळलेली आई

अगं, सासूबाईंवर रुसू नकोस. त्या सांगतात ते एकेकाळी डॉक्टरच सांगायचे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नका म्हटलं होतं. २००८ साली तो सल्ला मागे पडला. मग २०१५ साली लंडनमधला एक अभ्यास आला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, म्हणजे तुझ्या बाळाचीच भावंडं म्हण. ज्यांना तान्हेपणापासून शेंगदाणा नेमाने खाऊ घातला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली.

असं का, तर पोटातून आलेलं अन्न शरीर ओळखीचं मानायला शिकतं. तेच अन्न फुटलेल्या, खाजऱ्या कातडीतून कणाकणाने शिरलं की शरीर त्याला शत्रू समजू शकतं. तू पोटाचा दरवाजा बंद केलास आणि कातडीचा उघडा ठेवलास! म्हणून आधी ते मलम कपाटातून काढ आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, सांगितले तितके दिवस लाव. घाबरून पुसटसं लावलं की कातडी बरीही होत नाही आणि मलम लावणंही संपत नाही. बाळाला हात लावण्याआधी स्वतःचे हात धू. शेंगदाणा-बदामाचं तेल अंगाला चोळू नकोस.

टोमॅटोचं म्हणशील, तर तो आंबट रस बहुधा नाजूक कातडीला नुसता झोंबला. जिथे लागला तिथेच लाली आणि थोड्या वेळात गायब, असं असेल तर घाबरू नकोस. भरवण्याआधी ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा हात फिरव. पण अंगावर इतरत्र गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या झाल्या, तर ते अन्न थांबवून डॉक्टरांना गाठ. श्वास अडखळला किंवा बाळ मलूल पडलं, तर थेट दवाखाना.

गाजर आजच सुरू कर. अंडं आणि शेंगदाण्याआधी मात्र डॉक्टरांना विचार. एक्झिमा तीव्र असेल तर ते आधी तपासणी करून घेतील. होकार मिळाला की बाळ ठणठणीत असताना, दिवसा, एका वेळी एकच नवा पदार्थ, चमच्याच्या टोकावर. अंडं पूर्ण शिजलेलं. शेंगदाण्याची बारीक पूड पातळ कालवून. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतो. सोसलं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, एकदा चाखवून विसरू नकोस. मध मात्र वर्षाच्या आत नाहीच. त्याचं कारण ॲलर्जी नव्हे, बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने तान्ह्या बाळांना होणारा गंभीर आजार.

आणि तू? डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर उद्यापासून दूध-अंडी खायला लाग. रात्र रात्र जागतेस, वर अर्धपोटी कशाला राहतेस?