कोर्टाचे हप्ते चालू असताना बहिणीकडून हातउसने घ्यावेत का?

प्रश्न : वकीलसाहेब, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे आठ यंत्रमाग आहेत, टॉवेलचं जॉबवर्क करतो. बँकेचं कर्ज थकलं, दावा झाला आणि लोकअदालतीत ६,४०,००० रुपयांवर तडजोड झाली. महिन्याला ४०,००० प्रमाणे सोळा हप्ते. सात वेळेवर भरले. आता काम कमी झालंय, चारच माग चालतात, लाइट बिल जाऊन कसेबसे वीस हजार बाजूला पडतात. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर तडजोड रद्द आणि दाव्याची पूर्ण रक्कम व्याजासकट, असं त्यात लिहिलंय. बार्शीचे दाजी १,२०,००० रोख द्यायला तयार आहेत, तुरीचे पैसे घरात आहेत. थोरला भाऊ कर्जाला जामीनदार आहे. तो म्हणतो, दोन लाख देतो, पण साखर पेठेतल्या वडिलोपार्जित घराचं हक्कसोडपत्र करून दे. आई पाटल्या काढून बसलीय. एकानं सांगितलं की कोर्टाचे हप्ते चालू असताना नवीन कर्ज काढणं गुन्हा आहे. खरं का? आणि बहिणीचे पैसे आधी फेडले तर चालतं का?

उत्तर : गुन्ह्याचं ज्यानं सांगितलं त्यानं कुठंतरी नादारीचं, म्हणजे दिवाळखोरीचं, ऐकलेलं दिसतंय. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात तसं कलम आहे. कोर्टानं नादार ठरवलेल्या आणि अजून मुक्त न झालेल्या माणसानं आपली नादारी न सांगता पन्नास रुपये जरी उधार घेतले, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपये हा आकडा त्या काळचा. आज तेवढ्यात शेंगाचटणीची बरी पुडी मिळायची मारामार. पण तुम्ही नादारीचा अर्ज केलेला नाही, तेव्हा ते कलम तुमच्या वाटेला जात नाही.

तुमच्याकडे आहे तो लोकअदालतीचा निवाडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, आणि त्यावर अपील नाही. पण बहिणीकडून उसने घेऊ नका असं हा कायदा कुठं म्हणत नाही. तुमची तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहून कोर्टात दिलेला कागद, मात्र फाइलमधून काढा आणि एकदा शांतपणे वाचा. अशा पुरसीसमध्ये बहुधा तारण मिळकत विकायची नाही, माग हलवायचे नाहीत अशा अटी असतात. नवीन कर्जाबद्दल काही अट असेल तर तीही तिथंच सापडेल. नसेल, तर बँकेत जाऊन दाजींचं नाव सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. बँकेनं किंवा कोर्टानं देण्याघेण्याचा तपशील मागितला, तर मात्र हे उसने लपवू नका. प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात सहानुभूती मिळत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. हिशोब मांडून बघा. नऊ हप्ते राहिलेत, म्हणजे ३,६०,०००. दाजींचे १,२०,००० तीन महिन्यांत जातील. चौथ्या महिन्यापर्यंत तुमचे वीस-वीस हजार साठून दीड हप्ता निघेल, सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा तीच पाळी. फरक इतकाच की तेव्हा बहिणीचेही सव्वा लाख अंगावर असतील. म्हणून हे पैसे हप्त्याच्या भोकात थोडे थोडे घालण्याऐवजी बँकेपुढं एकदम ठेवा. म्हणा, आज १,२०,००० घ्या, उरलेले २,४०,००० वीस हजारांच्या बारा हप्त्यांत देतो. सात हप्ते वेळेवर भरलेल्या कर्जदाराचं बँक सहसा ऐकते, कारण कोर्टात वसुलीची दरखास्त लावून मागांचा लिलाव करण्यात त्यांनाही वर्षं जातात. निवाड्यातले हप्ते तुम्ही एकट्यानं बदलू शकत नाही. बँकेची लेखी संमती हवी आणि तो बदल दोघांच्या सह्यांनी कोर्टात नोंदवायला हवा. मॅनेजर तोंडी 'बघू, चालतंय' म्हणाला तर त्याला काही किंमत नाही. त्याची बदली झाली की विषय संपला.

आता रोखीचं. दाजींना सांगा, ते पैसे आधी त्यांच्या खात्यात भरा आणि तिथून तुमच्या खात्यात पाठवा. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं उसने रोखीत घेतलं तर आयकर खातं घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड करू शकतं. इथं घेणारे तुम्ही. १,२०,००० घेतलेत तर दंडही १,२०,००० पर्यंत. एकोणीस-एकोणीस हजार करून घेतले तरी सुटका नाही, आधीची बाकी धरून रक्कम मोजतात. शेतीवाल्यांना सूट आहे असं दाजी म्हणतील. ती सूट दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांनाही कर लागत नसेल तेव्हाच. तुमचं उत्पन्न मागाचं. परत फेडतानाही हाच वीस हजारांचा नियम, तेव्हा फेडही खात्यातूनच करा.

एक साधं उसनवार करारपत्र करा : किती, कधी, कोणत्या खात्यातून, परत कधी. परतीची तारीख शेवटच्या हप्त्यानंतरची टाका आणि तारीखच टाका. माझ्याकडे एकदा एक पावती आली होती, तिच्यावर 'गड्डा झाल्यावर परत' एवढंच. गड्डा म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. कोणत्या वर्षाचा गड्डा यावर दोन सख्खे चुलतभाऊ भांडत होते. यात्रा दरवर्षी भरते, दावा लावायच्या मुदतीची तीन वर्षं मात्र एकदाच मोजली जातात. दाजींना वाटेल, घरच्या माणसात कागद कशाला. त्यांना सांगा, उद्या मला काही झालं तर ताईच्या हातात काहीतरी असावं म्हणून.

भावाचा प्रस्ताव मला अजिबात आवडलेला नाही. हक्कसोडपत्र नोंदवलं की तुमचा वाटा कायमचा गेला. दोन लाख परत केले म्हणून तो फिरून येत नाही. दुसरं, डोक्यावर हुकूमनामा असताना घराचा वाटा कवडीमोलानं भावाच्या नावावर केलात, तर बँक म्हणणार की हे आमचं देणं बुडवायला केलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५३ खाली धनको असा व्यवहार कोर्टातून रद्द करून घेऊ शकतो. मग भावाचे दोन लाख अडकणार, तुमच्या हेतूवर संशय येणार आणि दोघं भाऊ एकमेकांविरुद्ध उभे. शिवाय भाऊ जामीनदार आहे हे तो विसरलेला दिसतो. तडजोड मोडली तर पुरसीसमध्ये त्याचंही नाव असल्यास बँक त्याच्याही दारात जाईल. आणि जामीनदार म्हणून त्यानं तुमच्या वतीनं जे भरलं असेल ते तुमच्याकडून वसूल करायचा हक्क करार कायदा त्याला आधीच देतो. त्यासाठी घराचा वाटा लिहून घ्यायची गरज नाही. हे त्याला चहा पिता पिता समजावा. नाही समजलं तर दोघं मिळून माझ्याकडे या.

आईच्या पाटल्या आईच्याच राहू द्या. ती कर्जाला जामीनदार नाही, त्यामुळे तुमच्या देण्यासाठी बँक तिच्या सोन्याला हात लावू शकत नाही. तिच्या नावावर सोनेतारण काढलंत की देणं तिचं होतं, आणि व्याज चुकलं तर लिलावाची नोटीस तिच्या नावानं येते.

बहिणीला आधी फेडायचं का, याचं उत्तर 'नाही' असंच आहे. थोडं तपशिलात सांगतो, कारण इथं माणसं भाबडेपणानं फसतात. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी तुरुंगात टाकायचं तर निव्वळ देणं थकलं हे पुरत नाही. हुकूमनाम्यानंतर देण्याइतके पैसे हाती होते आणि तरी दिले नाहीत, असं काहीतरी बँकेला दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच हे ठणकावलंय की गरिबीसाठी कैद नाही. पण तुमच्या पासबुकात दाजींना पंचवीस हजार गेल्याची नोंद आणि त्याच महिन्यात हप्ता चुकलेला असं दिसलं, तर तो पुरावा तुम्हीच बँकेच्या हाती दिला म्हणायचा. दाजींचे पैसे तुमच्या खात्यात महिनाभर पडून राहिले तरी तेच. ते आले त्याच दिवशी कर्ज खात्यात गेले पाहिजेत. सुताच्या व्यापाऱ्याची जुनी बाकी त्यातून भागवू नका.

पुढचा हप्ता यायच्या आत बँकेला अर्ज द्या. दोन प्रती काढा, आवक टेबलावर एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. सोबत सात हप्त्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. मूळ पावत्या कुणालाही देऊ नका, साहेबांनी मागितल्या तरी. बँकेनं नकार दिला तर तो लेखी मागा, आणि पुरसीसची प्रत घेऊन लगेच भेटा. तोवर दाजींचे पैसे बार्शीतच, त्यांच्याच खात्यात राहू द्या.