आतला आवाज म्हणतो, 'थांब, वाच'

ताई, नमस्कार.

मी 47 वर्षांची आहे. ठाण्यात मानपाड्याला राहते. ऐरोलीच्या एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे, वीसेक वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून आतून एक आवाज येतो. कानाने ऐकू येत नाही, पण स्पष्ट कळतं, 'आता थांब. वाच.' त्यांची ज्ञानेश्वरी माझ्याकडे आली आहे. ती उघडली की दोन ओव्यांत डोळ्यांत पाणी येतं आणि तिसऱ्या ओवीला कुकरची शिट्टी होते. लहानपणी मी जे मिळेल ते वाचायची, कथा-कादंबऱ्या, दिवाळी अंक, काहीही. आता कपाटात न वाचलेली पुस्तकं पडून आहेत आणि रात्री हातात मोबाइल असतो. रविवारी दुपारी पुस्तक घेऊन बसले तर चोरी केल्यासारखं वाटतं.

नोकरी सोडावी असं फार वाटतं. मिस्टर म्हणतात, 'समर्थांनीच सांगितलंय, आधी प्रपंच करावा नेटका.' मुलगी बारावीला आहे. शेजारच्या वहिनी मला सत्संगाला नेतात. तिथल्या बाई म्हणतात, 'आतला आवाज म्हणजे गुरुआज्ञा. प्रश्न विचारायचे नसतात. सोडून दे नोकरी.' मला काहीच सुचत नाही. हा आवाज खरा आहे, की मी नुसती दमले आहे?

– एक वाचक, ठाणे

प्रिय मैत्रिणी,

राजीनामा आत्ता देऊ नका. वाचायला मात्र आजपासून बसा.

तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. तुमचा आवाज दोनच गोष्टी सांगतो, थांब आणि वाच. 'नोकरी सोड' हे त्यात कुठेच नाही. ते तुमच्या थकव्याने जोडलं, किंवा सत्संगातल्या बाईंनी. हा फरक लहान नाही. आतून आलेलं सांगणं बहुतेक वेळा फार थोडक्यात असतं. त्याचा अर्थ लावण्याची घाई आपल्याला होते आणि मग तो अर्थच आवाज म्हणून मनात पक्का बसतो. तेव्हा आधी आवाज जेवढं म्हणाला तेवढंच करून पाहा.

आता तुमच्या मिस्टरांकडे येते. त्यांनी सांगितलेली ओळ दासबोधातलीच आहे, बाराव्या दशकातल्या पहिल्या समासाच्या आरंभीची. पण घरोघरी तिचा पूर्वार्धच ऐकवला जातो. त्याच ओवीत पुढे 'मग घ्यावें परमार्थविवेका' असं आहे. समर्थ तिथेही थांबत नाहीत. पुढच्याच ओव्यांमध्ये ते बजावतात की प्रपंच सोडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल, आणि परमार्थ सोडून नुसता प्रपंच कराल तर यमयातना भोगाल. दोन्ही चालवील त्यालाच ते विवेकी म्हणतात. म्हणजे त्या समासात मिस्टरांची बाजू आहे, तशी तुमचीही आहे. भांडणात पुरावा म्हणून हे त्यांच्यापुढे टाकू नका. एका रात्री तो समास दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. ते समर्थांचं नाव घेतात, तर हे त्यांनाही आवडेल. दासबोधात 20 दशक, प्रत्येकी दहा समास. एक समास वाचायला फार वेळ लागत नाही. एक दिवस तुम्ही वाचा, एक दिवस त्यांनी.

आता मुख्य प्रश्न. आवाज खरा की थकवा?

आपल्याकडे आतल्या साक्षीबद्दल सगळ्यात ठाम बोलले ते तुकोबा. 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥' ही ओळ तुम्ही ऐकली असेल. बहुमत झुगारून मनाचा कौल घ्यायचा, एवढाच अर्थ काढून ती सगळीकडे वापरली जाते. सत्संगातल्या बाईही बहुधा हेच सांगत असतील. पण ज्या अभंगात ती ओळ येते तो 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' हा अभंग सबंध वाचा. तुकोबा त्यात स्वतःची हकिगत सांगतात. दुष्काळ पडला, पैसा आणि मान गेला, बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. मग मोडकं देऊळ नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं, तेव्हा अभ्यासात चित्त नव्हतं, असं ते सरळ सांगतात. त्यानंतर येतं, 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां ॥' पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरलं, शरीर कष्टवून जमेल तेवढा उपकार केला. हे सगळं सांगून झाल्यावर मनाला ग्वाही करण्याची ओळ येते.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तुकोबांनी ज्या मनाला साक्षीला बसवलं, ते आधी संतांच्या शब्दांनी घडलं होतं. दुसऱ्यांच्या मागे उभं राहून गाण्याने ते नमलं होतं आणि अंगमेहनतीने शांत झालं होतं. वाचन आणि आतला आवाज यांना तुम्ही दोन वेगळ्या इच्छा समजता आहात, म्हणून हे इतकं सांगते. वाचनाने आतला कान तयार होतो. तो तयार होईपर्यंत मोठे निर्णय त्याच्यावर टाकू नयेत. तुमचा आवाज 'वाच' म्हणतो, तेव्हा तो बहुधा हीच तयारी मागतो आहे.

आणखी एक माणूस मला इथे आठवतो, दूरचा. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज चालवणाऱ्या जेझुइट या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक, स्पेनचा इग्नेशियस. 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन्‌महिने घरात पडून राहिला. त्याने शूर सरदारांच्या कथा वाचायला मागितल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा होत्या, तेव्हा त्याच वाचायला घेतल्या. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. कधी पराक्रमाची आणि एका थोर स्त्रीची मर्जी जिंकण्याची, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागायची. पण पहिल्या प्रकारानंतर मन कोरडं आणि असमाधानी व्हायचं, दुसऱ्यानंतर बराच वेळ आनंद टिकायचा. हे त्याच्या एकदम लक्षात आलं नाही, हळूहळू आलं. कुठली प्रेरणा कुठून येते हे ओळखायची त्याची सगळी पद्धत या निरीक्षणातून उभी राहिली.

तुम्ही हेच करून पाहा. नोकरी सोडल्याचं चित्र मनात रंगवा आणि तासाभराने स्वतःकडे बघा. हलकं वाटतंय, की धास्ती, चिडचिड, 'यांना दाखवते' असं काहीसं उरलंय? मग एका संध्याकाळी अर्धा तास शांतपणे वाचा आणि पुन्हा तासाभरानेच बघा. एका खेपेवरून काही ठरवू नका. पाहिजे तर वहीत दोन ओळी लिहून ठेवा. महिना-दोन महिन्यांनी ती वही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

थकव्याचं म्हणाल तर तोही खराच आहे आणि त्याला कमी लेखू नका. सासूबाई जाऊन दीडच वर्ष झालंय. आजारपणात त्यांचं तुम्हीच केलं असेल, असा माझा अंदाज आहे. ज्ञानेश्वरी उघडताच डोळे भरून येतात, त्यात भक्ती असेल आणि त्यांची आठवणही असेल. ते वेगळं काढायची गरज नाही. येऊ द्या पाणी. पण या वयात पाळीचे बदल सुरू होतात, थायरॉईड बिघडतं, हिमोग्लोबिन खाली येतं आणि ते सगळं 'आता थांब' असंच वाटू शकतं. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, रक्त तपासून घ्या. आणि एक स्पष्ट सांगते. हा आवाज कधी कानाने ऐकू येऊ लागला, हुकूम देऊ लागला, भीती घालू लागला, झोप पूर्ण उडाली किंवा जगणंच नको वाटलं, तर पोथीत उत्तर शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा आहे, 14416 वर फोन करता येतो, मराठीतही बोलतात.

वेळ कुठून आणायचा? पहाटे चारला उठा असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. मी सांगणार नाही. डबे करून ऐरोली गाठणाऱ्या बाईने झोप कापून वाचू नये, दोन आठवड्यांत पुस्तकाचाच राग येईल. तुमच्या घरात संध्याकाळी मुलगी अभ्यासाला बसत असणार. तिच्या शेजारी तुम्हीही पुस्तक घेऊन बसा. तिलाही सोबत होईल. मोबाइल दोघींचाही दुसऱ्या खोलीत. तेवढा वेळ कुकर मिस्टरांकडे. अर्धाच तास, पण तो ठरलेला असू द्या आणि घरात सगळ्यांना माहीत असू द्या. लपवून वाचलं की चोरी वाटणारच.

त्या चोरीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. बाईच्या हातात पोळपाट असला तर ती कामात असते, मोबाइल असला तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पुस्तक असलं की ती रिकामी दिसते. हे फार जुनं आहे. रमाबाई रानडे लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाने लिहा-वाचायला शिकल्या, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती छळलं ते त्यांनी स्वतःच 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'मध्ये लिहून ठेवलंय. तुम्हाला आज कोणी अडवत नाही. मिस्टरांनीही वाचू नको असं म्हटलेलं नाही, त्यांचा विरोध नोकरी सोडायला आहे. ती धाक घालणारी बाई आता तुमच्या मनात बसली आहे. तिच्याशी वाद घालू नका. रविवारी दुपारी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर पुस्तक उघडून बसा. काही रविवार अवघड जाईल.

आणि फक्त पोथीच वाचायला हवी असंही मनात आणू नका. पत्रात तुम्ही कथा-कादंबऱ्यांचा उल्लेख लहानपणापुरता केलात, जणू आता त्यांची परवानगी नाही. परकं दुःख आपलंसं करायला चांगली कादंबरी शिकवते. ते परमार्थापासून फार लांबचं नाही, असं मी मनापासून मानते.

ज्ञानेश्वरीसाठी एक सुचवते. नऊ हजारांवर ओव्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा संकल्प आत्ता करू नका. बारावा अध्याय घ्या. भक्तियोगाचा, 247 ओव्यांचा. रोज दहा घेतल्या तर महिन्याच्या आत होतो. त्याची सुरुवातच गुरुकृपेला आई म्हणून घातलेल्या हाकेने होते, आणि सासूबाईंची पोथी हातात घेऊन ते वाचणं तुम्हाला जवळचं वाटेल. मोठ्याने वाचा, ओवी कानावर पडू द्या. अर्थ अडला तर पुढे जा, दुसऱ्या वाचनात उलगडतो.

कपाटातली पुस्तकं तशीच राहू द्या. त्याऐवजी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासदत्व घ्या. स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. 1893 साली सुरू झालेली ही संस्था आहे आणि 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे तिच्या संस्थापकांपैकी. ठाणेकर तिचा अभिमान सांगतात, पण नवी पिढी तिथे फार कमी दिसते, याचं मला वाईट वाटतं. ऐरोलीहून गाडीने ठाण्याला उतरलात की आठवड्यातून एकदा स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर बसच्या रांगेत जाण्याआधी तिथे जा. घरचं पुस्तक कधीही वाचता येतं म्हणून राहून जातं. आणलेलं पुस्तक परत करायचं असतं, म्हणून वाचून होतं. कपाटांमधून हिंडताना कुठल्या पुस्तकाकडे हात जातो तेही बघा.

सत्संगाला जायला माझी हरकत नाही. भजनाला जा, नामाला जा. पण तुमच्या आतल्या आवाजाचा अर्थ दुसरं कोणी सांगू लागलं आणि प्रश्न विचारू नको म्हणालं, तर तिथून उठा. नोकरी सोडल्यावर येणारा पैसा कुठे ठेवायचा, कोणाच्या सेवेला द्यायचा, अशी भाषा निघाली तर पुन्हा पाऊल टाकू नका. वहिनींशी मात्र संबंध तोडू नका, त्यांनी प्रेमानेच नेलं असेल.

राहिली नोकरी. मुलीची बारावी आणि पुढचा प्रवेश होऊ द्या. मग मिस्टरांसोबत बसून कागदावर आकडे मांडा. घराचा हप्ता किती राहिला, मुलीच्या शिक्षणाला काय लागेल, तुमचा पीएफ किती, तुमच्या एकटीच्या नावावर काय आहे. हे शेवटचं विसरू नका. कंपनीत कमी तासांचं किंवा काही दिवस घरून करायचं काम मिळतं का, तेही विचारा. तोवरच्या महिन्यांत तुमचं वाचन चालू राहिलेलं असेल आणि ती वहीही भरलेली असेल. तेव्हा आवाज शांतपणे 'नोकरी सोड' म्हणत असेल आणि आकडे जमत असतील, तर खुशाल सोडा. मग तुमच्या बाजूने मिस्टरांशी बोलायला मीही तयार आहे.

प्रवेशाची गडबड संपली की मला पुन्हा लिहा. रक्ताच्या तपासणीत काय निघालं ते कळवा, आणि हातात कुठलं पुस्तक आहे तेही.

तुमची,
ताई