एनरो चालेना, कोलिस्टिन चालेना, मग टेपवर्मची गोळी देऊ का?

बऱ्याच पोल्ट्रीवाल्या भावांनी, ताईंनी फिरून फिरून एकच विचारलंय, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. एका भावाचा प्रश्न असा की ब्रॉयलरची (मांसासाठीच्या कोंबड्यांची) बॅच 20 दिवसांची आहे, ई. कोलाय हा बॅक्टेरिया निघालाय, आधी एनरो (एनरोफ्लॉक्सासिन) दिलं मग कोलिस्टिन दिलं, दोन्ही अँटिबायोटिक, तरी मरतूक थांबत नाही, आणि मोबाईलवर वाचलं की माणसांची टेपवर्मवरची (पोटातल्या पट्टकृमीवरची) गोळी निक्लोसामाइड रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, बॅक्टेरियाला पण मारते, तर पाण्यातून सोडू का?

नका सोडू भाऊ. वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. जुनं, आधीपासून वापरातलं औषध नव्या कामाला लावायचं यावर जगभर खरंच काम चाललंय, कारण नवीन अँटिबायोटिक बाजारात यायला दहा-दहा वर्षं जातात आणि कंपन्यांना त्यात पैसा दिसत नाही. निक्लोसामाइड त्यातलंच एक. बॅक्टेरियाला ऊर्जा बनवायला पेशीच्या पडद्याच्या आत-बाहेर प्रोटॉनचा जो फरक लागतो तो हे औषध मोडतं, आणि लॅबमध्ये स्टॅफिलोकोकससारखे ग्राम पॉझिटिव्ह बॅक्टेरिया त्याने मरतात. तुमच्याकडे आहे ई. कोलाय, तो ग्राम निगेटिव्ह, त्याच्या अंगावर बाहेरून अजून एक आवरण असतं आणि आत आलेलं औषध उचलून बाहेर फेकणारे पंप असतात, त्यामुळे एकटं निक्लोसामाइड त्याला काही करत नाही. लॅबमध्ये कोलिस्टिनसोबत दिलं तर कोलिस्टिनला दाद न देणारे काही ई. कोलाय पण मेलेत, मोबाईलवरच्या बातमीत बहुतेक तेच असेल. पण ते काचेच्या भांड्यात.

कोंबडीत अडचण वेगळीच आहे. ही गोळी आतड्यातून रक्तात फारशी जातच नाही, टेपवर्मसाठी तेच बरं असतं, पण तुमचा ई. कोलाय बसलाय एअरसॅकवर (पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांवर), हृदयाच्या आवरणावर, लिव्हरवर, तिथं औषध पोचणार कसं? शिवाय पाण्यात ते विरघळत नाही, टाकीच्या तळाला बसेल आणि निपल (पक्षी पाणी पितात त्या तोट्या) चोक होतील. आणि ते पाणी तळ्यात गेलं तर मासे मरतील, गोगलगायी मारायला हेच औषध वापरतात. बदकं-हंस पाळणाऱ्यांनी तर नादच करू नये, हंसांना ते सोसत नाही.

आता लोक म्हणतात "साहेब, माणसांना चालतं म्हणजे सेफच आहे ना". सेफ आहे ते माणसाला, त्या डोसला, त्या दुखण्यासाठी. कोंबडीच्या मांसात आणि अंड्यात ते किती दिवस राहतं हे त्या वापरासाठी कोणी मोजलेलं नसतं, म्हणजे विड्रॉवल पिरियडच (औषध बंद केल्यापासून माल विकेपर्यंत थांबायचे दिवस) नाही, मग माल कधी विकायचा हे ना तुम्ही सांगू शकता ना मी.

दुसऱ्या एकाने विचारलंय, दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक पण बॅक्टेरिया मारतं म्हणे. लॅबमध्ये थोडा परिणाम दिसतो, हो. पण गिधाडं कशी संपली आठवा. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या, अंगभर युरिक ॲसिड साचलं, 2004 मध्ये हे कारण सिद्ध झालं आणि भारतात 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडीवरच्या प्रयोगांतही किडनी खराब होऊन गाऊट (अंगात युरिक ॲसिड साचणं) आणि मरतूक दिसलीये. पक्ष्याच्या किडनीशी खेळू नका, एवढंच.

एका ताईंचा प्रश्न मात्र मला आवडला. त्या म्हणतात, रोबेनिडीन तर कॉक्सीसाठी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा आजार) खाद्यात असतंच, त्यावर पण रिसर्च आहे असं ऐकलं, मग तेच थोडं वाढवलं तर? बरोबर ऐकलंत ताई, आणि माझ्या मते या सगळ्या यादीत पोल्ट्रीच्या सगळ्यात जवळचं हेच आहे, कारण कोंबडीला ते सोसतं हे माहितीये, डोस माहितीये (खाद्यात 33 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 33 भागांच्या आसपास), विड्रॉवल माहितीये. ऑस्ट्रेलियात त्यावर आणि त्याच्यासारख्या रेणूंवर काम झालंय, पण परत तेच, ग्राम पॉझिटिव्हवर चालतं, ई. कोलायवर चालवायचं तर त्याचं बाहेरचं आवरण आधी कशानेतरी फोडावं लागतं. खाद्यात डोस वाढवून ते होणार नाही, उलट मांसाला आणि अंड्याला वेगळीच चव येते, म्हणून तर विक्रीआधी 5 दिवस ते बंद करायला सांगतात. तर थांबा, अजून औषध तयार नाहीये.

तेच हॅलिसिन नावाच्या नव्या अँटिबायोटिक रेणूचं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या टीमने कॉम्प्युटरला हजारो रेणू चाळायला लावून ते शोधलं, मूळचा रेणू डायबिटीससाठी तपासलेला होता, उंदरांवर चांगला रिझल्ट आला, पण औषध म्हणून मंजूर नाही, कोणी त्या नावाने पावडर विकत असेल तर सरळ फसवतोय.

कॉक्सीच्या औषधावरून एक जरा जास्तच महत्त्वाचं. खाद्यात सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरासिन असेल आणि सीआरडी (श्वासाचा जुनाट आजार) आला म्हणून पाण्यातून टायम्युलिन हे अँटिबायोटिक सोडलं तर पक्षी पायावरून जातात, खाणं सोडतात, पटापट मरतात, कारण टायम्युलिनमुळे लिव्हर त्या औषधाचा निचरा करू शकत नाही आणि ते अंगात साचतं. दोन्ही पोल्ट्रीचीच मंजूर औषधं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, तरी एकत्र आली की विष. मग माणसांची गोळी कोणत्या फीड ॲडिटिव्हशी कशी भांडेल हे कोण सांगणार? म्हणून खाद्याच्या गोणीवरचं लेबल फेकू नका, डॉक्टरला फोटो पाठवा.

कोलिस्टिनबद्दल थोडं कडक बोलतो. माणसांच्या दवाखान्यात बाकी सगळं फेल गेल्यावर जी थोडी औषधं उरतात त्यातलं हे एक. 2015 मध्ये चीनमध्ये एमसीआर-1 नावाचा जीन सापडला, तो प्लास्मिडवर (बॅक्टेरियातल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर) बसून एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात उडी मारतो, म्हणजे कोंबडीच्या आतड्यातला रेझिस्टन्स माणसाच्या बॅक्टेरियात जाऊ शकतो. त्यानंतर चीनने ग्रोथसाठी ते खाद्यात घालणं थांबवलं आणि भारताने 2019 मध्ये खायच्या जनावरांसाठी त्यावर बंदीच घातली. तेव्हा कुणी "माझ्याकडे जुना स्टॉक आहे" म्हणाला तरी घेऊ नका.

"मग काय बॅच मरू द्यायची का?" नाही. औषध आहे, फक्त आंधळेपणाने नाही. तीन-चार जिवंत आजारी पक्षी, शक्यतो औषध न दिलेले, लॅबला न्या आणि कल्चर सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध त्या बॅक्टेरियावर चालतं ती तपासणी) करून घ्या, रिपोर्टला 2-3 दिवस लागतात. सकाळी मेलेला पक्षी संध्याकाळी नेऊ नका, मेल्यावर आतड्यातला ई. कोलाय अंगभर पसरतो आणि रिपोर्ट भलताच येतो. बऱ्याचदा एनरो फेल जातं तिथं एखादं जुनं, साधं औषध सेन्सिटिव्ह निघतं, कारण शेडवर बरीच वर्षं ते वापरलेलंच नसतं. माझ्या लेखी जुन्या औषधाचा खरा उपयोग आज एवढाच आहे. जे निघेल ते डॉक्टरने लिहिलेल्या डोसने, पूर्ण दिवस द्या, दोन दिवसांत पक्षी हुशार झाले म्हणून मधेच बंद करू नका, आणि लक्षात घ्या आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे टाकीत टाकलेला डोस सगळ्यांच्या पोटात सारखा जात नाही, अगदी मलूल पक्षी वेगळे काढा.

आणि ई. कोलाय बहुतेक वेळा एकटा येत नाही. आधी आयबी किंवा रानीखेत या व्हायरसच्या आजारांनी श्वासनलिका खराब केलेली असते, नाहीतर गंबोरो या व्हायरसच्या आजाराने प्रतिकारशक्ती पाडलेली असते, नाहीतर लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओलं होऊन अमोनिया 25 पीपीएमच्या वर गेलेला असतो. शेडमध्ये शिरल्यावर तुमचे डोळे चुरचुरत असतील तर पक्ष्याचं काय होत असेल, तो तर चोवीस तास जमिनीलगत श्वास घेतोय. पडदे उघडा, लिटर उलटा, गठ्ठे झालेलं लिटर बाहेर काढा. पाणी लाईनच्या शेवटच्या निपलला 3 ते 5 पीपीएम फ्री क्लोरीन यायला हवं, टाकीजवळ तपासून उपयोग नाही, मधल्या पाईपातला चिकट थर सगळं क्लोरीन खाऊन टाकतो. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी मात्र क्लोरीन बंद, दर एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर टाकून मग लस, नाहीतर लस वायाच जाईल.

लेअरवाल्यांचा शेवटचा प्रश्न, कॉक्सीची ब्रॉयलरवाली औषधं अंड्यावरच्या पक्ष्यांना द्यायची का. डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. नायकार्बाझिन चुकून गेलं तर तपकिरी अंड्यांचा रंग उडतो आणि ब्रीडर (पिल्लांसाठी अंडी देणारा पक्षी) असेल तर हॅचिंग, म्हणजे अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण, पडतं. अंडी अचानक पांढरट यायला लागली तर आधी खाद्याची गोणी तपासा, बदललेली असेल तर ते खाद्य लगेच थांबवा, रंग काही दिवसांत परत येतो.