इंजिनवाल्या घरातली मुलगी ईव्हीकडे निघाली तेव्हा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीस वर्षं तुम्ही इंजिनं खोलून बांधताय, मुलीला मात्र बारावीनंतर ईव्हीत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कामात, शिरायचंय. तिने सहा महिन्यांचा 'ईव्ही तज्ज्ञ' कोर्स हेरून ठेवलाय. तुमचं म्हणणं, मेकॅनिकलच घे. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, 'माझ्याकडचं तिला देण्यासारखं काही उरलंय का?'

आधी शाखेचं बोलू. माझं मत स्पष्ट आहे: तिने इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं, पदवी जमली नाही तर पदविका. ईव्हीची मोटर सहसा त्रास देत नाही. खरी डोकेफोड असते बॅटरी, इन्व्हर्टर आणि वायरिंगमध्ये. 96 सेल एकापुढे एक जोडलेत असं समजा. प्रत्येकी 3.7 व्होल्ट, म्हणजे सगळ्यांचा मिळून बॅटरी पॅक साधारण 355 व्होल्टचा. त्यातला एकच सेल कमजोर झाला, तरी त्याचा व्होल्टेज मर्यादेखाली गेल्याबरोबर बॅटरीची देखरेख करणारी यंत्रणा पुरवठा तोडते. बाकी 95 सेलमध्ये चार्ज असतो आणि गाडी मात्र उभी! तो एक सेल शोधायला पाठांतर कामाचं नाही, मूळ विषय पक्का लागतो.

शिवाय हा विषय गाडीपुरता नाही. सोलर पॅनेलमधून डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) येतो, तो इन्व्हर्टरने एसी (दिशा बदलत राहणारा प्रवाह) करून ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, द्यायचा. ईव्हीतही बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी होतो. म्हणजे उद्या तिचं मन गाड्यांवरून उडालं, तरी सौर, पवन, वीजसाठवण ही दारं तिला उघडी असतील. उलट सहा महिन्यांत एखाद्याच मॉडेलवर हात बसवला, तर पुढची बॅटरी आली की पंचाईत. ईव्हीत वापरतात ती लिथियम-आयन बॅटरी 1991मध्ये बाजारात आली. तेव्हापासून तिचं रसायन सारखं बदलतंय.

म्हणून तो कोर्स नंतर. तेव्हाही फी भरण्याआधी विचारा, खरा पॅक समोर उघडून दाखवता का? नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. तिला हात लावण्याआधी इन्सुलेटेड हातमोजे घालून पुरवठा तोडायचा, कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं, मग हातमोजे न काढता मीटरवर शून्य बघायचं. आणि तो मीटर ठीक आहे ना, हे शून्य बघण्याआधी आणि नंतरही चालू पुरवठ्यावर तपासायचं. जिथे हे हाताने करून घेत नाहीत, तिथे तिला पाठवू नका. चूक झाली तर जीव जातो.

आता तुमचा प्रश्न. हो, बरंच उरलंय. पिस्टन, क्लच, सायलेन्सर गेले; बेअरिंग, सस्पेन्शन, स्टिअरिंग, कूलिंग तसंच आहे. रीजनरेशनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून बॅटरी भरते म्हणून, ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे ते झिजण्याऐवजी गंजून जाम होतात. हे तुमच्या हाताला लगेच कळेल. आणि आधी ऐकायचं, मग मोजायचं, उघडायचं सगळ्यात शेवटी, ही सवय तर तिला तुमच्याकडूनच मिळेल.

बहुतेक ईव्हींमध्ये 12 व्होल्टची साधी बॅटरीही असते. ती बसली, तर मोठा पॅक भरलेला असूनही गाडी सुरू होत नाही, कारण पॅक जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ही बॅटरी तुमच्या रोजच्या हाताखालची. प्रवेश होईपर्यंत मुलीला रोज तासभर सोबत घ्या, मीटर तिच्या हातात द्या आणि खराब अर्थिंग कुठे आहे ते तिचं तिला शोधू द्या.